जुनी .२४३ सुधारायची की दुसरी रायफल घ्यायची? कोलोरॅडोतलं एक प्रकरण

प्रश्न असा होता. घरात .२४३ विंचेस्टर बोअरची एक जुनी रायफल आहे. १०० यार्डांवर पाच गोळ्या झाडल्या तर त्या तीन इंचांत पसरतात. आणि यंदा शिकारीच्या लायसन्सच्या सोडतीत (ड्रॉमध्ये) एल्क या मोठ्या हरणाच्या मादीचं लायसन्स लागलं आहे. हातात साधारण दीड हजार डॉलर आहेत. ते या रायफलवर घालायचे, की दुसरी घ्यायची?

विचारणारे आमचे भावजी, थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नगर जिल्ह्यातले, आता बरीच वर्षं कोलोरॅडोत लव्हलँडजवळ राहतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे असा प्रश्नच उभा राहत नाही. इथे मात्र हरणांची आणि एल्कची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम सरकार शिकारीच्या लायसन्सवरच चालवतं. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत. भावजींनी रीतसर हंटर एज्युकेशनचा कोर्स केला आणि निवृत्त होणाऱ्या एका सहकाऱ्याकडून ही रायफल घेतली. बोल्ट ॲक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायची यंत्रणा), अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, वर ३-९x४० चा साधा स्कोप. तिने त्यांनी पूर्वेकडच्या माळावर प्राँगहॉर्न (काळविटासारखं जनावर) मारले, म्यूल डिअर जातीचं एक हरणही मारलं. वर्षभराचं मटण घरात तेवढंच.

सल्ले भरपूर मिळाले होते. दुकानातला माणूस म्हणाला, एल्क म्हणजे .३०० विंचेस्टर मॅग्नम, दुसरं काही बघू नका. रेंजवरचा एक ओळखीचा म्हणाला, ॲक्शन चांगली आहे, तिच्यावर नवी नळी, नवा ट्रिगर आणि कार्बन फायबरचा दस्ता चढवा, आयुष्यभराची रायफल होईल. ताईचं म्हणणं वेगळंच. "अरे, आहे ती नीट चालते का ते तरी आधी बघा. न बघताच काय खर्च करताय?"

ताईचं बरोबर होतं. इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते. रायफल बिघडली आहे का, हा एक. ती या कामाला पुरते का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन मिळतं. दुसऱ्याचं मिळत नाही. बहुतेक लोक पहिल्या प्रश्नावर वैतागून दुसऱ्याच्या नावाने पैसे घालतात, आणि नव्या रायफलवरही तीच चूक घेऊन जातात.

तीन इंच कुठून येतात

भावजींनी जपून ठेवलेले रेंजवरच्या निशाणाचे कागद आधी मागितले. कागद बघितल्यावरच निम्मं निदान झालं. गोळ्या चहूकडे विखुरल्या नव्हत्या. पहिली गोळी जवळपास मध्यावर, दुसरी थोडी वर उजवीकडे, तिसरी आणखी वर, चौथी-पाचवी त्याच रेषेत पुढे. प्रत्येक कागदावर तीच तिरकी रांग. नेमबाज चुकतो तेव्हा अशी रांग लागत नाही. नळी तापत जाते, कुठेतरी लाकडाला टेकते आणि टेकलेल्या बाजूने ढकलली जाते, तेव्हा अशी रांग लागते.

तरीही क्रम सोडला नाही. आधी स्कोपचे बेस आणि रिंगा. रायफलवरचा स्कोप धक्क्याने हळूहळू सैल होऊ शकतो, आणि माणूस नळीला दोष देत बसतो. टॉर्क रेंचने तपासलं तर पुढच्या बेसचा एक स्क्रू खरंच थोडा ढिला होता. तो काढून, तेल पुसून, थोडं थ्रेडलॉकर लावून पुन्हा आवळला. मग नळी आतून साफ केली. साध्या सॉल्व्हंटने पॅच पांढरे येत होते, पण तांब्याचा थर काढणारं सॉल्व्हंट घालून पंधरा मिनिटं ठेवल्यावर पॅच निळे-हिरवे यायला लागले. कितीतरी वर्षं तांबं कुणी काढलंच नव्हतं. नळीचं तोंड भिंगाखाली बघितलं. पुढच्या बाजूने रॉड घालून साफ करणारे लोक तिथली कड खराब करतात. इथे ती शाबूत होती. आतल्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे जिथे गोळी चेंबरमधून सुटून नळीत शिरते तिथे, एका परिचित गनस्मिथने बोअरस्कोप घालून पाहिलं. झीज होती, पण वयाच्या मानाने कमी. .२४३ ही छोट्या भोकातून बरीच दारू जाळणारी बोअर आहे. सतत तापवून झाडली तर नळी दीड-दोन हजार गोळ्यांत थकू शकते. ही रायफल मात्र वर्षाला एखादं खोकं एवढीच चाललेली होती.

मग नोटेची परीक्षा. डॉलरची नोट नळी आणि दस्त्याच्या मधे सरकवायची आणि मागे ओढत न्यायची. टोकापासून चारेक इंच नोट सहज सरकली आणि मग डाव्या बाजूला अडकली. दस्त्याला फिनिश बाहेरून छान होतं, पण नळीच्या खाचेत लाकूड उघडं होतं. रायफल तळघरात ठेवलेली, तिथे हवा दमट. लाकडाने ओल धरली, फुगलं आणि नळीला टेकलं.

एवढा शोध लागल्यावर दुरुस्ती सोपी होती. गोल काठीला सँडपेपर गुंडाळून खाच घासली, नोट रिसीव्हरपर्यंत (बोल्टच्या घरापर्यंत) सुटी जाईल एवढी. आतल्या उघड्या लाकडाला पातळ सीलरचे तीन हात दिले. रिकॉइल लगच्या, म्हणजे धक्का दस्त्यावर घेणाऱ्या ॲक्शनखालच्या उंचवट्याच्या, मागे एपॉक्सीचं बेडिंग (घट्ट बैठक) केलं. ॲक्शनवर रिलीज एजंट (चिकटू न देणारा थर) नीट लागला नाही तर एपॉक्सी ॲक्शनलाच चिकटते, म्हणून ज्याने कधी केलं नाही त्याने पहिल्यांदा कुणाच्या तरी देखरेखीखाली करावं. दोन्ही ॲक्शन स्क्रू सारख्या ताणाने आवळले. सगळा माल मिळून साठेक डॉलर झाले.

पुढच्या वेळी रेंजवर नळी मधेमधे गार होऊ देत पाच गोळ्या सव्वा इंचात बसल्या. पुन्हा पाच, थोड्या जास्त पसरल्या. पुन्हा पाच, पुन्हा सव्वा इंच. तीन गोळ्यांचा एखादा सुंदर ग्रुप बघून खूश होणं सोपं आहे. पाच-पाचचे ग्रुप वेगवेगळ्या दिवशी झाडल्याशिवाय मी कुठल्याही दुरुस्तीवर विश्वास ठेवत नाही.

ट्रिगरही तपासला. आवळायला थोडा जड, पण सुटताना स्वच्छ. बोल्ट जोरात बंद करून, सेफ्टी पुढे-मागे करून, रिकाम्या रायफलचा दस्ता खाली रबरावर आपटून पाहिलं. आपोआप सुटला नाही. काही जुन्या रायफलींचे ट्रिगर कंपन्यांनी परत बोलावलेले आहेत, त्यामुळे सेकंडहँड रायफल घेणाऱ्याने अनुक्रमांक टाकून एवढं तरी बघावंच. इथे तसं काही नव्हतं, म्हणून ट्रिगरवर एक डॉलरही घातला नाही.

नीट झाली, पण एल्कला पुरते का

इथे भावजी अर्थातच म्हणाले, "मग झालं की! सव्वा इंच म्हणजे एल्कला भरपूर."

नेमकेपणाला भरपूर, हे खरं. एल्कच्या छातीतला प्राणघातक भाग पंधरा-सोळा इंचांचा तरी असतो. तीन इंचांची रायफलही २०० यार्डांवर त्यात गोळी घालते. पण अडचण नेमकेपणाची नव्हतीच. प्राँगहॉर्न पन्नास किलोच्या आसपास असतो. एल्कची मादी सव्वादोनशे किलोची, नर तीनशेच्या वर. जाड कातडं, भक्कम खांद्याची हाडं, आणि दोन्ही फुफ्फुसांतून गोळी जाऊनही दाट झाडीत शिरण्याएवढा दम.

कायद्याने .२४३ चालते. कोलोरॅडोचा नियम सांगतो की एल्कसाठी बोअर किमान .२४, गोळी फुलणारी (लागल्यावर पसरणारी) आणि किमान ८५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. .२४३ ची नेहमीची १०० ग्रेनची फॅक्टरी गोळी नळीतून सुटताना १,९०० फूट-पाउंडांच्या थोडी वर असते, १०० यार्डांवर साधारण १,६००, २०० वर १,३०० च्या आसपास आणि ३०० वर १,१०० च्याही खाली. एल्कसाठी जुने शिकारी १,५०० चा ठोकताळा धरतात. तो काही देवाने दिलेला आकडा नाही. चांगल्या बांधणीची गोळी आणि अचूक जागा असेल तर कमी ऊर्जेतही जनावर पडतं, हे मलाही मान्य आहे. पण या ठोकताळ्याने .२४३ चं अंतर सव्वाशे-दीडशे यार्डांवर संपतं, तेही जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच. भावजींचं लायसन्स ज्या भागातलं होतं तिथे उघडे उतार आहेत. दीडशे यार्डांवर एल्क दिसला तर नशीब. बहुतेक संधी दोनशे ते तीनशेमधल्या.

माझं मत इथे ठाम आहे. जखमी होऊन पळालेलं जनावर ही शिकारीतली सगळ्यांत वाईट गोष्ट. ते रात्रभर थंडीत तडफडतं, मटण वाया जातं, आणि ज्याने गोळी झाडली त्याने ती झाडायलाच नको होती. .२४३ ने एल्क मारणारे वाकबगार लोक आहेत. ते जवळ जातात, दहातल्या नऊ संधी सोडून देतात. ज्याचा हा पहिलाच एल्क आहे, ज्याला वर्षातून पाचच दिवस सुट्टी आहे, त्याला तो संयम जमेल असं मी धरून चालत नाही. भावजींना तसं तोंडावर सांगितलं. त्यांना वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, "मलाही माझी तेवढी खात्री नाही."

म्हणजे पहिला प्रश्न साठ डॉलरांत सुटला आणि दुसरा तसाच उभा राहिला. स्कोप बदला, दस्ता बदला, ट्रिगर बदला, काडतूस तेच राहतं.

नळी बदलायची?

रेंजवरच्या माणसाचा सल्ला मात्र टाकाऊ नव्हता. .२४३ विंचेस्टर (१९५५) हे .३०८ विंचेस्टरच्या (१९५२) काडतुसाची मान आवळून बनवलेलं आहे. बूड तेच, लांबी जवळपास तीच. त्यामुळे तोच बोल्ट, तेच मॅगझिन ठेवून नुसती नळी बदलली तर रायफल .३०८ होते, किंवा ७ एमएम-०८ होते, किंवा ६.५ क्रीडमूर. हेच कुणी .३०-०६ करायला मागितलं तर जमत नाही, कारण ते काडतूस लांब आहे आणि या आखूड (शॉर्ट) ॲक्शनमध्ये मावत नाही. मॅग्नम तर बोल्टच्या तोंडातच बसणार नाही.

गनस्मिथकडून अंदाज घेतला. चांगली नळी, ती बसवणं, हेडस्पेस (बोल्ट आणि काडतुसामधली जागा) जुळवणं, नवी बोअर नळीवर कोरणं आणि गंज रोखणारं ब्लूइंग मिळून हजार डॉलरांच्या आसपास. शिवाय रांग मोठी होती. सीझनच्या आधी रायफल हातात येईल असं छातीठोकपणे सांगायला तो तयार नव्हता. आणि हे सगळं करून शेवटी घरात रायफल एकच. प्राँगहॉर्नसाठी उत्तम चालणारी, कमी धक्क्याची, आत्ताच सव्वा इंचावर आलेली .२४३ आपल्याच हाताने मोडून टाकायची. विकायला गेलं तर बदललेल्या रायफलीत घातलेले पैसे परत येत नाहीत. घेणारा मूळ रूपातल्या रायफलला जास्त देतो.

नळी खरोखर झिजलेली असती तर मी उलट सल्ला दिला असता. तेव्हा नवी नळी घालावीच लागते, मग ती मोठ्या बोअरची घालायला काय हरकत. वडिलांची किंवा आजोबांची रायफल असती, ॲक्शन हाताला लागलेली असती, तरीही विचार केला असता. इथे दोन्ही नव्हतं.

साधारण तेवढ्याच किमतीत नवी फॅक्टरी रायफल येते, वॉरंटीसकट. रुगर अमेरिकनसारखी तर बरीच स्वस्तात येते, आणि नेमकेपणात ती कुठे कमी पडते असं मी पाहिलेलं नाही. भावजींनी दोन-तीन हातात घेऊन पाहिल्या आणि फिनलंडच्या टिक्का टी३एक्स लाइटवर थांबले. रिकामी असताना तीन किलोंच्या आतबाहेर वजन, बोल्ट लोण्यासारखा सरकतो. नऊ-दहा हजार फुटांवर दिवसभर चढायचं असेल तर अर्धा किलोसुद्धा खांद्याला कळतो.

कोणत्या बोअरची

यावर घरात बरीच चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. दुकानदाराचं मॅग्नम मी पहिल्या फटक्यात बाद केलं. हलक्या रायफलीतून .३०० मॅग्नमचा धक्का असा बसतो की नवखा माणूस सरावच टाळायला लागतो आणि चाप ओढताना डोळे मिटतो. ज्या रायफलीने तुम्ही सराव करत नाही ती कितीही ताकदीची असली तरी उपयोग नाही.

.३०-०६ (१९०६) ची गोष्ट वेगळी. १८० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवरही १,६०० च्या वर राहते, आणि काडतुसं डोंगरातल्या पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानातही मिळतात. २०२०-२१ च्या टंचाईत ज्यांनी दुर्मिळ बोअर घेतल्या होत्या त्यांचे हाल मी पाहिले आहेत, त्यामुळे हा मुद्दा मला वजनदार वाटतो. पण ताईलाही हीच रायफल वापरायची होती. तिने मित्राची .३०-०६ झाडून पाहिली, तीन गोळ्यांनंतर खाली ठेवली. .३०८ बरी वाटली. मग ७ एमएम-०८. १४० ग्रेनची गोळी, सुटताना अडीच हजार फूट-पाउंड, २०० यार्डांवर १,८०० च्या आसपास, ३०० वर १,५०० ला टेकते. धक्का .२४३ पेक्षा जास्त, .३०-०६ पेक्षा स्पष्ट कमी. ताईने दहा गोळ्या झाडल्या आणि अकरावी मागितली. निर्णय तिथेच झाला. टंचाईवर उपाय म्हणून एकाच लॉटची काही खोकी आधीच घेऊन ठेवली.

दोन रायफली झाल्यावर एक धोका नव्याने घरात येतो, आणि तो कुणी सांगत नाही. .२४३ आणि ७ एमएम-०८ ही एकाच कुळातली काडतुसं. लहान काडतूस मोठ्या चेंबरमध्ये बसू शकतं, झाडलंही जाऊ शकतं, आणि ते धोकादायक आहे. त्यामुळे त्यांच्याकडे नियम आहे: रेंजला किंवा डोंगरावर जाताना एकाच बोअरची काडतुसं गाडीत. .२४३ चा डबा पिवळा, दुसरा हिरवा, आणि दोन्ही वेगळ्या कपाटात.

कागदपत्रांचं थोडक्यात. कोलोरॅडोत खाजगी विक्रीसुद्धा परवानाधारक दुकानातून बॅकग्राउंड चेक करूनच होते, आणि ऑक्टोबर २०२३ पासून खरेदीनंतर किमान तीन दिवस थांबावं लागतं. भावजींना ग्रीन कार्ड आहे, म्हणून त्यांचं सरळ होतं. एच-१बी वगैरे व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगायलाही मनाई आहे, काही अपवाद सोडून. त्यातला नेहमीचा अपवाद म्हणजे चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. त्या लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो. आपल्या लोकांपैकी अनेकांना हे माहीत नसतं आणि इमिग्रेशनच्या दृष्टीने याचे परिणाम फार गंभीर होऊ शकतात. रायफलीच्या आधी वकिलाला विचारा.

पुढे काय झालं

रायफल सुमारे नऊशे डॉलर. उरलेल्यातला मोठा भाग बऱ्या स्कोपवर गेला, बाकी काडतुसांवर. जुना स्कोप .२४३ वरच ठेवला. नॉब वर-खाली फिरवून तो मूळ जागी परत येतो का हे तपासलं होतं, येत होता.

उन्हाळाभर भावजींनी बाकावरून झाडणं कमी केलं आणि बसून, काठ्यांच्या आधाराने, धाप लागलेली असताना झाडायचा सराव केला. आठ इंचांची कागदी ताटली, २०० यार्ड. दहातल्या नऊ लागेपर्यंत त्यांनी स्वतःची मर्यादा २०० च धरली. शेवटी २५० ला थांबले. रायफल ३०० ची होती, माणूस २५० चा, आणि त्यांनी माणसाचा आकडा पाळला. मला या सगळ्या प्रकरणात याचंच सर्वांत कौतुक वाटतं.

सीझनच्या तिसऱ्या दिवशी मादी एल्क २१० यार्डांवर आडवी उभी मिळाली. त्याच्या आदल्या दिवशी तीनशेच्या पलीकडे एक सोडली होती. एक गोळी, खांद्याच्या मागे. जनावर चाळीसेक पावलं चाललं आणि पडलं. गोळी पलीकडून बाहेर पडली होती. त्याच जागी त्याच कोनात .२४३ ची गोळी काय करू शकली असती याचा अंदाज मी करत बसणार नाही, पण फासळी मोडून दोन्ही फुफ्फुसं ओलांडून गेलेली ती वाट भावजींनी मटण काढताना स्वतः बघितली. चार फेऱ्यांत पाठीवरून मांस खाली आणलं. ताईने पहिल्याच रविवारी खिमा केला.

.२४३ आता त्यांच्या पोरीकडे आहे. कोलोरॅडोत मोठ्या जनावराच्या शिकारीला किमान वय बारा आहे, आणि तिने हंटर एज्युकेशनचं कार्ड मिळवलं आहे. जुना दस्ता तिला लांब पडत होता. गाल स्कोपपर्यंत नेण्यासाठी मान ताणावी लागायची. म्हणून त्या रायफलवर दुसरा खर्च केला: मूळ अक्रोडाचा दस्ता सीलबंद करून बाजूला ठेवला आणि तरुणांच्या मापाचा, स्पेसर घालून लांब करता येईल असा सिंथेटिक दस्ता चढवला. त्यालाही नोटेची परीक्षा केली. सध्या दोन स्पेसर बाहेर आहेत. ती वाढेल तसे एकेक घालायचे, आणि दर वेळी स्कोप थोडा पुढे-मागे करून पुन्हा झीरो करायचा, म्हणजे नेम जुळवायचा.